कापडी देवमाशाचं पोट पुन्हा पुन्हा खपाटीला का जातं?

वाऱ्याकडे उघडं तोंड करून फुगणारे कापडी समुद्रजीव शिवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. हॉलमध्ये पेडेस्टल फॅनसमोर धरला तेव्हा देवमासा टम्म फुगला होता, सगळ्यांनी फोटोही काढले. किनाऱ्यावर नेला तर घटकाभर ताठ राहतो, मग मान टाकतो, शेपटी लोंबते आणि पोट खपाटीला जातं. झुळूक आली की उठतो, पुन्हा बसतो. शिगम्याच्या चित्ररथासाठी कासव शिवणारी मंडळं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जेलीफिश टांगणाऱ्या बाई, डिसेंबरात पणजीत काहीतरी मांडायचंच म्हणून धडपडणारी कला महाविद्यालयाची मुलं, सगळ्यांची गाडी इथेच अडते. आणि सगळे मिळून निदानही एकच करतात, की वारा कमी पडला.

वारा क्वचितच कमी पडलेला असतो. आत आलेली हवा कुठून तरी निघून जाते, आणि तिकडे कोणी बघत नाही.

त्याऐवजी दोन उपाय केले जातात. पहिला, तोंड कापून मोठं करायचं. त्याने दोरीवरचा ताण नक्की वाढतो, फुगवटा मात्र जेमतेम. दुसरा, ब्लोअर लावायचा. एक अश्वशक्तीचा ब्लोअर म्हणजे ७५० वॉट, आठ तासांत सहा युनिटं. समुद्र जगेल, हवामान सावरेल अशी आशा दाखवायला मासा करायचा आणि तो उभा ठेवायला दिवसभर मोटर घरघरत ठेवायची, हे मला तरी पटत नाही. शिवाय मोटरच्या आवाजात मासा जिवंत वाटत नाही. पेट्रोल पंपाबाहेर हात हलवणारा तो कापडी माणूस असतो ना, त्याच्याच जातीचा होतो.

आधी सांगा, किती वाजता बसतो?

भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून आत येतो तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि उलट समुद्राकडे जातो तो मतलई. गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय. म्हणजे सकाळचा वारा तुमच्या पाठीमागून येतो, माडांतून, सुरूच्या बनातून, शॅकच्या छपरांवरून, आणि अडखळत, गोते खात पोचतो. पतंगवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे: अडथळ्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत मागचा वारा गढूळ असतो. पंधरा मीटरचा माड धरला तर दीडशे मीटर. आपले कितीतरी किनारे तेवढे रुंदही नाहीत.

त्यामुळे सकाळी आठ-नऊला मासा बसत असेल तर कापडाला दोष देऊ नका. त्या वेळी केलेली चाचणी चाचणीच नव्हे. गंमत अशी, की उत्साही माणसं नेमकी सकाळीच जातात, कारण ऊन कमी असतं. मग दहाला निराश होऊन सगळं गुंडाळतात, आणि खरा वारा त्यानंतर सुटतो.

दुपारी बारानंतर, खारा वारा स्थिरावला की मग बघा. तो समुद्रावरून सरळ येतो, त्याला मध्ये अडवायला काही नाही. त्या वाऱ्यातही पोट बसत असेल तर दुखणं माशात आहे आणि पुढचं सगळं वाचायला हवं. सूर्यास्ताच्या सुमारास मात्र खारा वारा मावळलेला असतो आणि मतलई अजून सुटलेला नसतो. तेव्हा मासा उभा राहावा ही अपेक्षाच चूक. उतरवा आणि घडी घाला.

मोबाइलवर वाऱ्याचा आकडा बघून गोंधळणारेही पुष्कळ. तो आकडा जमिनीपासून दहा मीटर उंचीचा असतो. तुमचा मासा दीड-दोन मीटरवर लोळतोय, तिथे वाळूला घासून वारा मंदावलेला असतो. खांब दोन मीटरने वाढवला तर जो फरक पडतो तो तोंड मोठं करून पडत नाही. रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या, एखाद्या काकांना विचारा, वारा कधी फिरतो ते. ॲपपेक्षा त्यांचं उत्तर कामाचं.

आत किती येते, बाहेर किती जाते

इथे थोडा हिशोब आहे. तो एकदा डोक्यात बसला की निम्म्या तक्रारी घरीच सुटतात.

वारा तोंडावर आदळतो तेव्हा त्याचा जो दाब होतो, तोच माशाला फुगवतो. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात हा दाब साधारण १५ पास्कल असतो. पाण्याच्या मापात सांगायचं तर दीड मिलिमीटर, बस्स. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो: ताशी ३६ ला ६० पास्कल. रिपस्टॉप नायलॉनचं, म्हणजे पतंगांना वापरतात त्या सहज न फाटणाऱ्या हलक्या कापडाचं, वजन चौरस मीटरला चाळीसेक ग्रॅम असतं, ते पेलायला अर्धा पास्कलही पुष्कळ. म्हणजे वाऱ्यात दम भरपूर आहे. प्रश्न एवढाच, की त्या १५ पैकी पोटात शिल्लक किती राहतात.

ते ठरतं आत यायची वाट आणि बाहेर जायची वाट यांच्या प्रमाणावर. दोन्ही वाटा सारख्याच क्षेत्रफळाच्या असतील तर पोटात निम्मा दाब राहतो. बाहेरची वाट आतल्या वाटेच्या निम्मी केली तर ८० टक्के. पाव केली तर ९४. म्हणजे पावाच्या खाली आणायला जिवाचा आटापिटा करण्यात अर्थ नाही, पण बाहेरची वाट तोंडाएवढी झाली की मासा मेलाच.

आता ‘बाहेरची वाट’ म्हणजे काय ते बघा. सगळ्यात उघड म्हणजे शेपटी. जपानमध्ये ५ मेच्या बालदिनाला घरांवर कापडी कार्प मासे उडवतात, त्यांची शेपटी उघडी असते. हवा तोंडातून शिरून मागून जाते आणि मासा पोहतो. फार देखणा प्रकार. पण तो लहरतो, गरगरीत फुगत नाही. आपली मुलं तो व्हिडिओ बघून तसाच देवमासा शिवतात आणि मग त्याला पोट का येत नाही म्हणून विचारतात. पोट हवं तर शेपटी बंद हवी. १९६४ साली पतंगकार डोमिना जालबर्ट यांनी पॅराफॉइल, म्हणजे काड्यांशिवाय हवेनेच फुगणारा पंख, काढला तो याच सूत्रावर: पुढच्या कडेला तोंडं, मागची कड शिवून बंद. पॅराग्लायडरचा पंख आजही तसाच असतो, आणि न्यूझीलंडच्या पीटर लिन यांचे ते महाकाय पाकट आणि अष्टपाद पतंगही. शेपटीला थोडी सळसळ हवीच असेल तर शेपटीचं टोक वेगळी पट्टी म्हणून बाहेर जोडा, पोटातली हवा तिच्यात नेऊ नका.

दुसरी वाट कोणाच्या ध्यानात येत नाही: खुद्द कापड. पावसाळा संपला की मोडक्या छत्र्या ढिगाने मिळतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विचारलं तर छत्री दुरुस्त करणारे काळं कापड जवळजवळ फुकट देतात. टाकाऊतून समुद्रजीव करायचा तर याहून चांगलं काय? पण जुन्या छत्रीच्या कापडावरचा लेप झिजलेला असतो. ओठांवर ताणून धरा आणि जोरात फुंका. श्वास पलीकडे तळहाताला लागला तर कापड गळतंय. नव्या रिपस्टॉपमधून काही लागत नाही.

आणि आता मजा बघा. समजा कापड तीन टक्के गळतं, म्हणजे दर चौरस मीटरमागे एकूण तीनशे चौरस सेंटिमीटरचं भोक असल्यासारखं. एक मीटर जाड, दोन मीटर लांब असं बुटकं कासव केलं, तर त्याच्या अंगाचं क्षेत्रफळ तोंडाच्या आठपट भरतं. आठपटीचे तीन टक्के म्हणजे गळती तोंडाच्या पाव. पोटात ९४ टक्के दाब, कासव टुणटुणीत. त्याच कापडाची ऐंशी सेंटिमीटर जाड, आठ मीटर लांब वाम केली, तर अंग तोंडाच्या चाळीसपट. गळती तोंडापेक्षाही जास्त होते आणि दाब उरतो ४१ टक्के. तेच कापड, तोच शिंपी, तोच वारा. कासव उभं राहतं, वाम लोळते.

म्हणून माझं सरळ सांगणं: जुन्या छत्रीच्या कापडाचं कासव करा, पाकट करा, फुगू मासा करा. वाम आणि लांबुडका देवमासा करायचा तर नवं लेपाचं कापड घ्या. आणि आकार सगळीकडून दुप्पट केला की काम होईल असं समजू नका. तोंड चौपट होतं तसं अंगही चौपट होतं, प्रमाण तिथल्या तिथेच राहतं.

तिसरी चूक भावनेतून होते. किनाऱ्यावर वाहून आलेली, कासवांच्या गळ्यात अडकणारी तुटकी जाळी गोळा करायची आणि त्या जाळ्याचाच देवमासा करायचा. कल्पना उत्तम, पण जाळं फुगणार कसं? अमेरिकन कलाकार जॅनेट एकेलमन १९९७ मध्ये महाबलीपुरमला आल्या होत्या, त्यांचे रंग पोचले नाहीत म्हणून कोळ्यांच्या जाळ्यांकडे वळल्या, आणि पुढे शहरांच्या चौकांवर तरंगणारी त्यांची जाळीशिल्पं जगभर गेली. ती वाऱ्यात डोलतात, पण त्यांना आकार देतात वरून ताणलेल्या दोऱ्या, आतली हवा नव्हे. तुम्हाला जाळंही हवं आणि पोटही हवं, तर आत पातळ कापडाची पिशवी आणि वर जाळ्याचं कातडं. जाळं आतल्या पिशवीपेक्षा किंचित तोकडं ठेवलं तर ते पोटात रुतून खवल्यांसारखं दिसतं. वजन मात्र मोजा. खारं पाणी प्यालेलं जुनं जाळं धुऊन, वाळवूनच चढवा.

गळती पकडायची कशी

शिवण तपासायची सगळ्यात चांगली जागा माशाच्या पोटात आहे. भर दुपारी अंगणात मासा पंख्यावर फुगवा, एकाला बाहेर उभं करा आणि तुम्ही तोंडातून आत शिरा. पंखा चालू राहील आणि बाहेरचा माणूस हलणार नाही एवढं बघा. आत उताणे पडलात की शिवणीची प्रत्येक रेघ उन्हात दिसते. जिथे सुई जाड होती तिथून उन्हाचे टिपके थेट छातीवर पडतात, ओळीने. कल्ल्यांच्या टोकाशी, डोळा चिकटवला तिथे आणि तोंडाच्या कड्याला कापड गोळा केलं तिथे तर बोट जाईल एवढी फट सापडते. खडूने खुणा करत पुढे सरका. उकाड्याने जीव जातो, पण पाच मिनिटांत जे कळतं ते बाहेरून तासभर हात फिरवून कळत नाही.

शिंप्याला सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. जीन्सची सोळा नंबरची सुई काढून अकरा किंवा बारा नंबर लावायची. टाका तीन मिलिमीटरचा ठेवायचा, कारण बारीक टाक्याने मजबुती येते असं वाटतं पण कापडाला भोकं पडून ते त्याच रेघेवर फाटतं. धागा पॉलिएस्टरचा, सुती अजिबात नको. कडा एकमेकींत दुमडून वरून दोन समांतर शिलाया मारायच्या. जेलीफिशच्या लोंबत्या पट्ट्या कात्रीने कापल्या तर त्यांचे धागे सुटतात आणि उडत उडत समुद्रात जातात. तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने कापल्या तर कड वितळून बंद होते. समुद्राच्या नावाने काम करायचं आणि त्यालाच नायलॉनचे तंतू वाढायचे, हे नको.

फुगवटा मोजायचा असेल तर गवंड्याची लेव्हल पाइप आणा, ती पारदर्शक नळी. एक मीटर फळीचं एक टोक दहा सेंटिमीटर उचलून ठेवा. नळीचा यू आकाराचा वळसा खालच्या बाजूला येईल अशा तिच्या दोन्ही बाजू फळीवर शेजारी शेजारी चिकटवा, आत रंगीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे पाणी नळीला धरून बसणार नाही. फळी तिरकी असल्यामुळे दीड मिलिमीटरचा फरक पंधरा मिलिमीटर दिसतो. नळीचं एक टोक आडोशाला मोकळं ठेवायचं, दुसरं आधी नुसतं वाऱ्यासमोर धरायचं आणि फरक लिहून घ्यायचा. मग तेच टोक माशाच्या पोटात सरकवायचं. वाऱ्यात पंधरा आणि पोटात तेरा-चौदा आले तर मासा निरोगी. पोटात सात आले तर गळती तोंडाएवढी आहे आणि वाऱ्याला नावं ठेवायची सोय उरली नाही. वारामापक विकत घ्यायची गरज पडत नाही, कारण आपल्याला दोघांचं प्रमाण हवंय, वाऱ्याचा वेग नव्हे.

रोज थोडा लवकर बसत असेल तर: मीठ

हे लक्षण वेगळं ओळखा. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलेला मासा दोन-तीन दिवसांनी पाचला बसतो, आठवड्याने चारला. शिवण तीच, वारा तोच. कापड हाताला किंचित चिकट लागतं आणि घडी उलगडताना अंगाला अंग चिकटून राहतं.

लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर येऊन कापडावर सुकतात, मीठ मागे राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. आणि समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरतं, आणि किनाऱ्यावरची हवा एवढी कोरडी सहसा होतच नाही. पावसात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचं जे होतं तेच तुमच्या माशाचं, फक्त बारा महिने. ऊन उतरलं की आर्द्रता चढते आणि कापड ओलसर व्हायला लागतं. एका चौरस मीटरवर ०.०५ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा पापुद्रा धरला तरी ५० ग्रॅम झाले, कापडाच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. वजन एक वेळ पेलेल, पण ओल्या कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटतात, आणि संध्याकाळच्या दमलेल्या वाऱ्याला त्या सोडवता येत नाहीत. म्हणून एकदा बसलेला मासा पुन्हा उठत नाही.

खात्री करायची तर कापडाची कड जिभेला लावा. किंवा मासळीबाजारात असतो तसा आकड्याचा वजनकाटा घेऊन दुपारी आणि संध्याकाळी वजन करा.

उपाय म्हणजे गोडं पाणी. साबण नको, दोन बादल्यांत दोनदा बुचकळून काढायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्यात धुऊन काही उपयोग नाही, घरी नेऊन धुवा. सलग मांडणी असेल तर दर दोन-तीन दिवसांनी हे करावंच लागतं, आणि वेळापत्रकात त्याला जागा ठेवावी लागते. आयोजकांना हे आधीच सांगा, नाहीतर ‘धुवायला काय, नंतर धुऊ’ म्हणतात.

याच ओलीचा एक उपद्रव दोऱ्यांतही होतो. नायलॉन हवेतली ओल पितो आणि ओला नायलॉन लांबतो. कन्नीच्या, म्हणजे तोंडाच्या कड्याला बांधायच्या, दोऱ्या नायलॉनच्या असतील तर दुपारी नीट बांधलेला मासा संध्याकाळी नाक खाली करतो, तोंड वाऱ्यातून वळतं आणि हवा शिरेनाशी होते. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीतच नाही. कन्नी पॉलिएस्टरची घ्या. दिसायला दोन्ही दोऱ्या सारख्याच, म्हणून दुकानदाराकडून खात्री करून घ्या.

तोंड मिटत असेल तर

दिवाळीत नरकासुराचे पुतळे करून हात तयार झालेल्या पोरांची इथे एक खोड दिसते. त्यांना सांगाड्याशिवाय चैन पडत नाही. तार, बांबू, काठ्या घालून देवमाशाच्या बरगड्याच उभ्या करतात. नरकासुराला ते शोभतं, तो एक रात्र उभा राहायचा आणि पहाटे जळायचा. वाऱ्यावरच्या माशाला आतला सांगाडा आतूनच फाडतो. कडक हवं ते फक्त तोंडाचं कडं. वेताचं, फायबरच्या काडीचं किंवा विजेच्या वायरिंगच्या प्लॅस्टिक पाइपचं. कड्याला कन्नी किमान चार ठिकाणी बांधा. दोनच ठिकाणी बांधली की कडं कोलमडून उलटं होतं आणि मासा एका क्षणात चपटा.

वारा झोताने येत असेल, म्हणजे दहा सेकंद आला आणि दहा सेकंद गायब, तर तोंडाच्या आत झडप लावा. कड्यावर मोठ्या भोकांचं जाळं ताणा आणि त्याच्या आतल्या अंगाला सगळ्यात हलक्या कापडाचा पडदा फक्त वरच्या कडेला शिवा. वारा आला की पडदा आत उचलला जातो, वारा पडला की आतली हवा त्याला जाळ्यावर दाबून तोंड बंद करते. पडदा कड्यापेक्षा चार बोटं मोठा हवा. एवढ्याने मधल्या पडत्या सेकंदांत पोट टिकतं.

तरीही कधीमधी बसू द्या. मुलांच्या टाळ्या मासा उठतो तेव्हा पडतात, आणि उठायचा तर आधी बसावा लागतो. बसताना गुंडाळला जाऊ नये एवढीच काळजी घ्या: शेपटीच्या टोकाला एक सैल दोरी जमिनीपर्यंत, म्हणजे शेपटी खांबाभोवती फिरत नाही.

गिरक्या

मासा फुगलेला आहे पण गोल गोल फिरून दोरीला पीळ घालतो, ही तक्रार दुसऱ्या नंबरची. कारण बहुतेक वेळा कापणीत असतं. एक कल्ला उभ्या धाग्यावर कापला आणि दुसरा कापड वाचवायला तिरका. तिरकं कापड ताणलं जातं, तो कल्ला लांबतो, मासा त्या बाजूला वळतो. जोडीचे भाग कापड दुमडून एकत्रच कापा. तयार माशावर आता काही करता येत नसेल तर शेपटीला छोटं कापडी शंकू बांधा, मागे ओढ राहिली की डोकं सरळ राहतं. आणि दोरीत मासेमारीच्या दुकानातली फिरकी घाला, पितळी किंवा स्टेनलेस. स्वस्तातली लोखंडी फिरकी खाऱ्या हवेत गंजून अडकते आणि मग ती असून नसल्यासारखी.

कुठे बांधू नये

दोन चौरस मीटर अंग वाऱ्यासमोर असेल तर ताशी ३६ किलोमीटरला दोरीवर बारा किलोची ओढ येते, ताशी ५४ च्या झोताला सत्तावीस किलोची. तांदळाच्या गोणीत वाळू भरून ती वाळूतच पुरली तर हे पेलतं. दुसऱ्याच्या होडीला, शॅकच्या खांबाला किंवा जीवरक्षकांच्या मनोऱ्याला बांधू नका.

पण मोरजी, आश्वे, आगोंद आणि गालजीबाग इथे गोणी पुरायचा विचारही करू नका. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालतात आणि त्यांचा हंगाम हिवाळ्यात, म्हणजे नेमका आपल्या प्रदर्शनांच्या दिवसांत येतो. कापडी कासव त्या किनाऱ्यावर मांडायचा मोह सगळ्यांना होतो. खड्डे, दोऱ्या, रात्रीचे दिवे आणि गर्दी हे सगळं खऱ्या कासवाच्या वाटेत येतं. मिरामार आहे, कोलवा आहे, तिथे मांडा, पंचायतीची किंवा पालिकेची लेखी परवानगी काढून. आणि मासा खांबावर न ठेवता दोरीवर आकाशात सोडायचा बेत असेल तर बोगमाळोसारखी दाबोळीच्या धावपट्टीजवळची जागा आणि मोपाच्या विमानतळाचा परिसर यादीतून आधीच काढा.

पावसाळ्यात काही करायला जाऊ नका. तोंड उघडं असलेली पिशवी पावसात पाण्याने भरते, आणि ते वजन कुठलीच शिवण धरत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात. कापडी माशांनीही तेवढी सुट्टी घ्यावी, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना गोड्या पाण्यात दोनदा बुचकळून, पूर्ण वाळवून, कडं काढून, सुती चादरीत सैल गुंडाळून माळ्यावर टाकावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला मासा ऑगस्टमध्ये उघडला तर त्याला बुरशीचे डाग पडलेले असतात, आणि ते काही केल्या जात नाहीत.